धुतलेला डगला

विसरलेली किल्ली घ्यायला गिऱ्हाईक परत आलं, तेव्हा धाकटीचं नाक त्याच्या कोटाच्या कॉलरमध्ये होतं. नुसतं टेकलेलं नव्हे. दोन्ही हातांनी कॉलर उलटी धरून, डोळे मिटून, लहान मूल उशीत तोंड खुपसतं तसं. गिऱ्हाईक सभ्य होतं. त्याने आधी खाकरून पाहिलं, मग विचारलं, "काही बिघडलंय का?" "डाग बघत होते," धाकटी म्हणाली. "नाकाने?" "काही डाग दिसत नाहीत." ही थाप नव्हती, त्या धंद्यातली जुनीच गोष्ट होती, पण गिऱ्हाइकाला ती पटल्याचं दिसलं नाही. किल्ली घेऊन तो पाठमोरा झाला, तरी त्याची पाठ बराच वेळ संशयाने बघत राहिली. इस्त्रीवाला टेबलापलीकडून म्हणाला, "वहिनी, आता गिऱ्हाइकं हुंगायची पण सोय केलीत का दुकानात?" आणि सगळे हसले. धाकटीही हसली. मग तिने कोटाला चिठ्ठी टाचली, तो ढिगावर टाकला, आणि उरलेला दिवसभर तिचा हात कामात अन् जीव त्या ढिगात राहिला.

कारण तो वास ताईचा होता. आणि धाकटीला गेली कित्येक वर्षं कसलाच वास येत नव्हता. धुलाईच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती डाग काढायची. शाईचे, चहाचे, रक्ताचे, गंजाचे, रडून पुसलेल्या काजळाचे. कुठल्या डागाला थंड पाणी, कुठल्याला वाफ, कुठल्याला नुसता धीर, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बिघडवत बिघडवत ती शिकली होती. औषधांच्या उग्र वाफांनी तिचं नाक हळूहळू असं झालं होतं की, दूध उतू जाऊन करपलं तरी तिला ते डोळ्यांनीच कळायचं. नवरा म्हणायचा, तुझ्या अंगाला साबणाचाही वास येत नाही, तुझ्याशेजारी झोपलं की नव्या कपाटात झोपल्यासारखं वाटतं. आणि अशा त्या मेलेल्या नाकाला एका परक्या माणसाच्या कॉलरने हाक मारली होती. कशाचा वास? तिने आठवून पाहिलं. घामाचा म्हणावा तर तसा नाही, गवताचा म्हणावा तर गोडसर, उबेचा म्हणावा तर ऊब हा काही वास नव्हे. एवढंच नक्की, की तो ताईचा होता, आणि ताईला तसा वास येतो हे तिला आजवर माहीतच नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट ओळखता कशी येते? या प्रश्नाने तिला रात्री झोपू दिलं नाही, म्हणजे दिलं, पण उशिरा.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला, "अगं धाकटे, माझा डोळा कापायचाय, येतेस का दोन दिवस मालकीणबाईंकडे बघायला?" तेव्हा म्हणूनच धाकटी नवऱ्याला न विचारताच हो म्हणाली. मालकीणबाई म्हणजे ताईची गाय. भाऊजी गेल्यावर शेताचा मोठा तुकडा दिरांकडे गेला, आणि ताईकडे घर, भाजीचे वाफे, कोंबड्या आणि ही तांबडी, रुंद कपाळाची, कुणालाही भीक न घालणारी गाय उरली. ताई म्हणायची, मी तिच्याकडे कामाला आहे, पगार दुधात मिळतो. डोळ्यातला मोतीबिंदू केव्हाचा पिकला होता. एकदा गाय आजारी म्हणून ताईने तारीख पुढे ढकलली होती, एकदा गाय व्यायला झाली म्हणून. या वेळी डॉक्टरांनी दरडावून सांगितलं होतं, आता नाही केलं तर पुढे करून उपयोग नाही, आणि दुसऱ्या डोळ्याचंही काही खरं नाही. "मग करून टाक की," धाकटी म्हणाली होती. "करते की. तिने तुला दूध दिलं तर करते. नाही दिलं तर येते परत संध्याकाळच्या गाडीने. ताजी व्यालेली आहे, कास तटून बसली तर सड जातील तिचे. डोळा काय, मला दुसरा आहे."

ताई निघायची होती त्या पहाटे तिने धार काढली ती धाकटीने गोठ्याच्या दारातून, अर्धवट झोपेत पाहिली. खुंटीवरचा जाड कापडाचा, गुडघ्यापर्यंत येणारा डगला ताईने अंगात अडकवला. मुळात तो भाऊजींचा, बाह्या दुमडलेल्या. बादली मांड्यांत धरून ताई बसली, आणि दुधाच्या धारा पत्र्यावर पाऊस पडल्यासारख्या वाजू लागल्या. इतकं सोपं होतं ते. "डगला घाल बरं का," निघताना ताई म्हणाली, "दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा." पिशवी उचलताना तिने मान वळवून डाव्या डोळ्याने दाराची चौकट शोधली, उजव्याने नव्हे, आणि धाकटीला एकदम कळलं की हिला उजव्या बाजूचं काहीच दिसत नाही, आणि ही ते कुणाला कळू देत नाही. "वासरू कुठाय?" तिने विचारलं. "नाही," एवढंच म्हणून ताई पायवाटेला लागली. विकलं असेल, धाकटीला वाटलं. पोट भरायचं तर दूध प्यायला तोंडं किती ठेवणार.

मग ती एकटी राहिली आणि दिवस मोठा झाला. शहरात दिवस म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं. इथे दिवसाला कडाच नव्हत्या. तिने कोंबड्यांना दाणे टाकले, अंडी शोधली, एका कोंबडीने तिला चोर समजून हातावर टोच मारली. वाफ्यांतल्या वेलघेवड्याला पाणी घातलं, आणि वेलींनी काठीला उजवीकडूनच का वळसे घालावेत, एकही डावखुरी का नसावी, याचा ती उकिडवी बसून बराच वेळ विचार करत राहिली. एक वेल तिने सोडवून उलटी गुंडाळून पाहिली. ती हट्टाने सुटून लोंबत राहिली. शेण काढलं. शेण काढताना हात आधी बिचकले, मग सरावले. डाग काढणाऱ्या बाईला घाणीचं भय नसतं, तिला फक्त घाण कुठली ते कळावं लागतं. आणि गोठा झाडून झाल्यावर तिची नजर डगल्यावर गेली.

तो डगला एखाद्या दुकानात आला असता तर मालकाने चिमटीत धरून परत दिला असता. कोपरं काळी, पुढची बाजू तेलकट, खिशांच्या कडा कडक, आणि उजव्या बाहीवर थेट दंडापर्यंत चढलेला एक तपकिरी, जुना, वाळून भेगाळलेला डाग. डोळ्यावर शस्त्रक्रिया करून ताई येणार. धूळ नको, घाण नको, हात स्वच्छ हवेत, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं. आणि आल्याबरोबर ती हे अंगात घालून गायीखाली बसणार! धाकटीने पाणी तापत ठेवलं. तिला काम सापडलं होतं. खरं तर तिला आनंदच झाला. आजवर ताईसाठी तिने काय केलं होतं? सणावाराला फोन. इथे तिच्या हातातली विद्या आयतीच उपयोगी पडत होती. तपकिरी डाग तिने नखाने खरवडून पाहिला. रक्त. ताईने हात कापून घेतला असेल विळ्याने, सांगायची नाही. रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं, ते शिजून कापडात बसतं. तिने आधी थंड पाणी आणि मीठ घेतलं, बोटांच्या पेरांनी, घाई न करता, डाग आतून बाहेर ढकलत आणला. तेलकटपणाला सोडा. कॉलरला साबण आणि नरम ब्रश. पाणी काळं निघालं, मग मातकट, मग दुधी, मग पाण्यासारखं. शेवटचं पाणी तिने उन्हात धरून पाहिलं. तळाशी काही नव्हतं. तारेवर टाकल्यावर डगल्याचा मूळ रंग दिसला. तो काळा नव्हताच, हिरवा होता. भाऊजी या हिरव्या डगल्यात पहिल्यांदा घरी आले होते, ते तिला तेव्हा आठवलं, आणि आपण एका माणसाला परत आणल्यासारखं वाटून ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

दुपारी डगला ओलाच होता. ती आपल्या सदऱ्यावरच बादली घेऊन गेली. "चला मालकीणबाई," ती गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "तुमचं काम करून टाकू." गायीने मान वळवली, चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं, नाकातून एक मोठा सुस्कारा सोडला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. सड हातात गरम होते, तटतटलेले होते, ताईने दाखवलं तसे तिने ओढले, दाबले, गोंजारले. चार थेंब. मग काहीच नाही. दूध होतं, ते दिसत होतं, कास घागरीसारखी भरलेली होती. फक्त गायीने ते आत, वर, कुठेतरी चढवून धरलं होतं. हे कसं करते ती? धाकटीला चिडण्याआधी नवलच वाटलं. माणूस रडू आवरतो तसं? की रागाने अबोला धरतो तसं? अबोल्यात माणसाला कळत असतं का, की आपण धरून ठेवलंय, की त्यालाही वाटत असतं, संपलंच आहे?

तेवढ्यात फोन वाजला. ताईने कुणा नर्सबाईंचा मागून घेतला होता. "दिलं?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. "नाही अजून." "डगला घातलास ना?" धाकटीने तारेकडे पाहिलं. वाऱ्याने बाह्या भरून आल्या होत्या, जणू आत कुणी आहे. "घालते," ती म्हणाली. "घालते काय! न घालताच बसलीस?" "अगं उकडत होतं." "उकडत होतं म्हणे! शहराची हवा लागलीय तुला. हे बघ, इथे मला उद्या सकाळी पहिल्या नंबरला घेणारेत. माझी पिशवी मी अजून सोडलेली नाही. संध्याकाळी सांग काय ते. शेवटच्या गाडीला मी बसू शकते." मागे कुणीतरी ओरडलं, आजी, फोन द्या आता, आणि ताई त्यांना म्हणाली, "आजी कुणाला म्हणतेस गं?" आणि फोन बंद झाला.

दुधाच्या गाडीवाला आला तो शिट्टी वाजवत. पहाटेचं दूध कॅनमध्ये तयार होतं. ते त्याने गाडीत चढवलं आणि दुपारचं मागितलं. "दिलं नाही तिने," धाकटी म्हणाली. "देईल कशी? तुमची ताई गाणं म्हणते तिच्यापाशी. मी ऐकलंय कानांनी." "ताई? गाणं? अहो, आमच्या ताईने अंगाई म्हटली की मी उठून बसायची." "मग घाबरून देत असेल बिचारी," गाडीवाला म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन गाडीकडे वळला तो तारेपाशी थबकला. त्याने डगल्याची बाही हातात घेतली, सोडली. हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला. "धुतलात?" "हो. केवढा घाण होता." "अहो बाई," तो म्हणाला, "त्या डगल्याने वासरू पुसलं होतं."

मग त्याने सांगितलं, गाडीला टेकून, तिच्याकडे न बघता. वासरू जन्मलं ते हललंच नाही. ताईने तरी त्याला पुसलं, अंगातला डगला काढून, पाय धरून, पोट चोळून, ऊठ म्हणत, बराच वेळ. हा तेव्हा गाडी घेऊन तिथूनच चालला होता, त्यानेच तिला शेवटी उठवलं. मग कास भरली, गाय कुणाला जवळ येऊ देईना. ताईने तोच डगला तसाच रक्तामातीचा अंगात घातला आणि जाऊन बसली. गायीने तो चाटला, चाटला, आणि पान्हा सोडला. "तेव्हापासून तो कधी धुतला नाही तिने. मी म्हटलं होतं, ताई, तुमच्या आधी तुमचा वास येतो. म्हणाली, मग वाट सोड." आता काय करायचं, धाकटीने विचारलं. गुरांच्या डॉक्टरकडे पान्हा सोडवायची सुई मिळते, तो म्हणाला, पण डॉक्टर आहे पलीकडच्या गावाला, आणि ताईला कळलं तर ती आधी मला टोचेल. "गाणं म्हणून बघा," तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी तो विनोद नव्हता, त्याच्याकडे दुसरं काही द्यायला नव्हतं.

धाकटीने गाणं म्हटलं. गायीने कान पाडले. त्यानंतर ती घरात गेली आणि ताईचा वास शोधू लागली, म्हणजे सरळ हुंगतच सुटली. उशीला काही नाही. पांघरुणाला काही नाही. दारामागची शाल, कपाटातल्या घड्या, स्वयंपाकघरातलं हात पुसायचं फडकं, अगदी चपला. सगळं घासून, पुसून, वाळवून ठेवलेलं. रुग्णालयात जाताना माणूस घर आवरतो तसं नव्हे, ताई नेहमीच अशी. आपल्या घराण्यालाच धुण्याची खोड आहे, तिच्या मनात आलं, आणि कपाटाच्या दाराला धरून ती तिथेच खाली बसली, कारण कपाटात डोकं घालून काहीतरी हुंगत बसण्याची ही तिची पहिली वेळ नव्हती.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेत खालच्या वर्गात होती आणि ताई लग्नाच्या वयाची. माणसं आईला घेऊन गेली, आणि ती माणसं परत येण्याआधी ताईने आईचं सगळं धुतलं होतं. अंथरूण, पांघरूण, उशीचे अभ्रे, नेसूचे कपडे, रुमालसुद्धा. अंगणभर तारा बांधून आईचं सगळं फडफडत होतं, पांढरं स्वच्छ, आणि ताई कोपरापर्यंत लाल झालेले हात घेऊन मधोमध उभी होती. धाकटीने कपाटात शिरून एकेक कप्पा हुंगला होता. कुठेच आई नव्हती. ती ताईला काही बोलली नाही. त्या वयात बोलायला शब्द नव्हते, आणि पुढे शब्द आले तेव्हा वेळ गेली होती. पण तिने ते सोडलंही नाही. सगळं आयुष्य, ताईने लाड केले तरी, शिकवलं, न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, लग्न करून दिलं तरी, आत कुठेतरी वर चढवून धरलेलं होतं ते. हिने आई धुऊन टाकली. ताईने असं का केलं असेल, हा प्रश्न मात्र तिला, इतक्या प्रश्नांच्या बाईला, एकदाही पडला नव्हता. आता पडला. आजारपणाचे डाग असतील. लोक परत येणार, लहान बहीण घरात, तिने ते बघू नयेत. कुणीतरी सांगितलं असेल, धुऊन टाक. किंवा कुणीच काही सांगितलं नसेल. नुसतं हातांना काम हवं असेल, पाणी दिसेल तिथे हात बुडवावेसे वाटले असतील, आणि घासता घासता तिलाही, लग्नाच्या वयाच्या त्या पोरीला, आपण आईसाठी शेवटचं काही चांगलं करतोय असंच वाटलं असेल. कमरेवर हात ठेवून तिनेही त्या तारांकडे बघितलं असेल. धाकटीने आपले हात पाहिले. सोड्याने कोपरापर्यंत लाल झाले होते.

ऊन उतरलं तसा डगला वाळला. तो अंगात घालून ती गोठ्यात गेली, आशा अशी फारशी नव्हती, पण घालते म्हणून कबूल केलं होतं. गाय अस्वस्थ होती. पाय बदलत होती, मधूनच हंबरत होती, आणि ते हंबरणं कुणाला उद्देशून आहे हे आता धाकटीला ठाऊक होतं. कास दगडासारखी झाली होती. गायीने डगला हुंगला, बाही हुंगली, जिथे डाग होता तिथेच नेमकी पुन्हा हुंगली, आणि तोंड फिरवलं. कुणीतरी ओळखीच्या दारावर टकटक करून आत दुसरंच बिऱ्हाड बघावं तसं. "चुकलं गं माझं," धाकटी म्हणाली. गायीला त्याचं काय! तिने तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, मग हात थकले, आणि तिने कपाळ गायीच्या कुशीला टेकलं. फक्त दमून. नाक तिथे, बरगडीच्या आणि पोटाच्या मधल्या खळगीत, केसांत रुतलं. आणि तिला वास आला.

तिने श्वास रोखला, पुन्हा घेतला. गवत, पण जिरलेलं. घाम, पण गोडसर. ऊब, हो, उबेलाही वास असतो, ती चुकली होती. हा ताईचा वास! ताईच्या मानेचा, वेण्या घालताना ताईच्या मांडीत बसलं की यायचा तो... छे, तेव्हा कुठली गाय? तेव्हा तर दोघी शहरात, गल्लीच्या टोकाच्या घरात राहत होत्या. तिने डोकं उचललं, पुन्हा टेकलं. मग ताईला गायीचा वास येतो की गायीला ताईचा? की कुणी कुणाला रोज जवळ घेऊन बसलं की, शेवटी एकच वास उरतो, दोघांचा मिळून, आणि आईच्या कुशीत, बहिणीच्या मांडीवर, परक्या माणसाच्या कॉलरमध्ये, या खळगीत तो तोच असतो? तिला हसू आलं, एवढी वर्षं डाग काढले, पण ही गोष्ट लक्षात आली नाही. आणि मग, हसता हसताच, तिचं धंद्याचं डोकं चालू लागलं. वासरू जन्मलं तेव्हा त्याला स्वतःचा असा कसला वास असणार? एक श्वाससुद्धा त्याने घेतला नाही. त्याच्या अंगाला होता तो आईचाच वास, आतला. म्हणजे डगल्यात गाय कुणाला हुंगत होती? स्वतःला. आपलं म्हणून जे ओळखता येतं ते. वास धुऊन काढता येतो हे तिला पक्कं माहीत होतं. लावता येतो का, हे आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं.

तिने डगला काढला आणि उलटं काम सुरू केलं. डाग काढायला जेवढं लक्ष लागतं तेवढंच लावायला लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं. आधी मान, मग कानांच्या मागे, जिथे घाम मुरतो. पुढच्या पायांच्या बेचक्यात. पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत, शेपटीखाली, पोटाच्या खालून, कासेच्या आणि मांडीच्या मधल्या दमट घडीत. गाय पहिल्यांदा दचकली, मग उभी राहिली, आणि मानेच्या एका ठिकाणी तिला ते आवडलं असावं, कारण तिने तो भाग पुढे केला. गाय जिथे बसते तिथल्या गवतात धाकटीने डगला अंथरला आणि वर गुडघ्यांनी रगडला. आपण सकाळी काढलेली एकेक गोष्ट ती परत घालत होती, एक सोडून. ती तिच्याकडे नव्हती. बाहीचा तो भाग तिने गायीच्या तोंडाशी नेला, ओठांच्या लाळेत भिजवला, आणि मनात म्हणाली, एवढंच जमेल. हिरवा रंग पुन्हा गेला. मग तिने तो अंगात घातला, गार, ओलसर, चिकट, आणि बादली न घेताच जवळ जाऊन उभी राहिली.

गायीने हुंगलं. खूप वेळ हुंगलं. तिच्या नाकपुड्या उघडत होत्या, मिटत होत्या, आणि धाकटीला वाटलं, आपणही त्या दिवशी दुकानात अशाच दिसलो असणार. मग खरखरीत, गरम, ब्रशासारखी जीभ खांद्यावर आली. खांद्यावरून कॉलरवर, कॉलरवरून मानेवर, कानावर, केसांत. केस उलटे झाले, कानात लाळ गेली. धाकटी हलली नाही. असं खसाखसा, न विचारता, डोकं धरून तिला कुणी स्वच्छ केल्याला फार वर्षं झाली होती. तिचे डोळे भरून आले की गायीनेच ओले केले, ते कळायला मार्ग नव्हता. खाली गवतावर टप टप वाजलं. तिने वाकून पाहिलं. चारी सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं. तेव्हा ती बादलीसाठी धावली, अडखळली, बसली, आणि धारा सुरू झाल्या.

फोन वाजला तेव्हा अजून उजेड होता. बादलीवर फेस काठापर्यंत आला होता, दुपारचंही सगळं त्यात उतरलं होतं. भरलेली ती बादली उचलून आणताना तिच्या दंडात गोळे आले होते. "दिलं?" ताई. आवाजामागे गाड्यांचा आवाज होता. ताई रुग्णालयाच्या दारात, पिशवी घेऊन उभी होती, हे धाकटीला दिसलंच. "दिलं," ती म्हणाली. "दिलं गं ताई. सोडला पान्हा तिने." "डगला घातलास?" "घातला." "घाण वास येतो ना त्याला? मला धुववत नाही तो." "येतो," धाकटी स्वतःची बाही नाकाशी नेत म्हणाली, "भयंकर येतो." ताई हसली नाही. मग ताई म्हणाली, "तुला दिलं तिने?" आणि हा प्रश्न मघाचा नव्हता.

धाकटीने ऐकलं. हा आवाज तिने ताईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता; लहान होता तो, दारात उभा राहिलेल्या माणसाचा, ज्याच्यावाचून घरात काही अडलेलं नाही अशा माणसाचा. दूध आलं नाही म्हणावं तर ही गाडीत बसेल. आलं, काठोकाठ आलं म्हणावं तर ही आत जाईल, डोळाही करून घेईल, पण परत येईल ती कुणाकडे? या दोहोंच्या मधलं, एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेला पुरेल आणि एका बाईला सोसेल, एवढंच दूध सांगायला हवं होतं. धाकटीने बादलीकडे पाहिलं. फेसाचे बुडबुडे एकेक करून फुटत होते.

"दिलं कसलं," ती म्हणाली, "अर्धी बादली. तीही अशी, की जणू उसनी देतेय. सारखी दाराकडे बघत होती. तू आलीस का बघत होती."

"बघणारच," ताई म्हणाली. "लाथ मारली का?"

"मारली की."

"कुठे?"

"गुडघ्यावर. चांगली बसलीय."

"हां!" ताईचा आवाज एकदम मोठा झाला, नेहमीएवढा, घर भरून टाकणारा. "अगं, परक्याला ती मारतेच. मला नाही मारत. थांब, मी येईपर्यंत सोस दोन दिवस. काही होत नाही, गरम पाण्याने शेक तो गुडघा. आणि उद्या उजव्या अंगाने बस, ऐकतेस ना? उजव्या अंगाने. नाहीतर पुन्हा मारेल." मग लांब कुणालातरी म्हणाली, "आले गं बाई, आले, नाही जात कुठे. घे ही पिशवी, ठेव आत."

"शेकते," धाकटी म्हणाली. फोन बंद झाल्यावर ती पायरीवर बसली, आणि अजिबात दुखत नसलेला गुडघा हळूहळू चोळत राहिली.